कळसूबाईहून कोकणकड्यापर्यंत

मुंबईतून कळसूबाईला जाणारे बहुतेक जण शनिवारी रात्री निघतात, अंधारात चढतात, माथ्यावर सूर्योदय बघतात आणि रविवारी संध्याकाळच्या चहाला घरी असतात. नोकरी सांभाळून डोंगराला वेळ द्यायचा तर बऱ्याच जणांना तेवढंच शक्य असतं. माझ्या मामाचा मात्र आग्रह असा, की कळसूबाईच्या माथ्यावरून जो मुलूख दिसतो त्यात पायी उतरलं पाहिजे, नाहीतर १६४६ मीटर हा नुसता आकडा राहतो. म्हणून नाताळच्या सुट्टीत मामा, मी आणि नववीतली माझी भाची असे तिघं निघालो. आधी कळसूबाई, मग रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. कसारा लोकलने जायचं, कल्याण लोकलने परत यायचं, आणि मधला सगळा वेळ अकोले तालुक्यात घालवायचा.

मामा सत्तरीला टेकलाय. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो परळला बदली कामगार होता. हाताला काम नाही, घरात बसवत नाही, म्हणून चाळीतल्या चार पोरांबरोबर तो डोंगरात जायला लागला आणि गिरणी कायमची सुटली तरी डोंगर सुटला नाही. भाचीला मात्र मोठ्या चढाची सवय नव्हती. तिची तयारी आम्ही इथेच करून घेतली. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन इमारतीचे जिने, आणि रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चाल. मुंबईतली सगळ्यात उंच जागा, जांभूळमाळ, याच उद्यानात आहे आणि तिची उंची ४६८ मीटर. समुद्रकाठच्या माणसाने सह्याद्रीची उंची कशाशी ताडून बघायची, याचं हे जवळचं माप आहे.

गुरुवार

दुपारी दादरहून कसारा लोकल. कल्याणनंतर गाडी रिकामी होत गेली आणि वाशिंद सोडल्यावर खिडकीत डोंगर दिसायला लागले. भाची मोबाइलमध्ये होती. मामा तिला म्हणाला, "तुझ्या घरातल्या नळाचं पाणी या तालुक्यातून येतं, बघ तरी जरा." खरंच आहे ते. तानसा, मोडकसागर आणि भातसा, मुंबईला पाणी देणारी ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा १८९२ साली बांधून झालं. भातसा पुष्कळ नंतरचं, पण आज मुंबईच्या पाण्यातला सुमारे निम्मा वाटा त्याचा आहे. भाचीने फोन ठेवला आणि विचारलं, "मग कळसूबाईवरचं पाणीपण आपल्याकडेच येतं का?"

मामाने उत्तर दिलं नाही. "वर गेल्यावर तूच बघून सांग," म्हणाला. पुढचे सगळे दिवस आम्ही त्या एका प्रश्नामागे चाललो.

लोकल कसाऱ्याला संपते, कारण पुढे थळ घाट आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात, चढ ३७ला १ असा आहे. १८६५ साली हा लोहमार्ग घाटातून वर पोचला. आम्ही स्टेशनबाहेर जीप पकडली आणि इगतपुरी, घोटी करत बारीला पोचलो तोवर दिवस मावळला होता.

बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. जिथे उतरलो त्या घरातल्या मावशींनी चुलीवर तांदळाची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला. भात नुकताच झोडून झालेला, अंगणात पेंढ्याची उडवी, ओटीवर नाचणीची कणसं पसरलेली. जेवताना भाचीने देवीची गोष्ट विचारली आणि मावशींनी हातातलं काम न थांबवता सांगितली. कळसू नावाची एक पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिने सांगितलं होतं, "मी केर काढणार न्हाई, भांडी घासणार न्हाई. बाकी सांगाल ते करीन." पाटलाने कबूल केलं. पण एक दिवस घरात पाहुणे आले, काम वाढलं आणि तिला तेच करायला लावलं. तिने भांडी घासली, केर काढला आणि घर सोडून ती डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागेवर बसलेली देवी ही राजघराण्यातली नाही, राक्षस मारणारी नाही. घरकामाला ठेवलेली एक मुलगी आहे, आपल्याला दिलेला शब्द मोडला म्हणून उठून गेलेली. इथल्या महादेव कोळी लोकांची ती आई आहे. नवरात्रात तिच्या यात्रेला आसपासच्या गावांतून माणसं अनवाणी चढतात.

शुक्रवार

उजाडता उजाडता निघालो. थंडी कडक होती, शेतांच्या बांधांवर दहिवर पडलेलं. गावामागचा ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि मग तो माथ्यापर्यंत सोडत नाही. आठशे मीटरहून अधिक उंची चढायची असते. मामाची चाल पहिल्यापासून ठरलेली, बोलता येईल इतकीच वेगाची. "धाप लागली की थांबू नकोस, पाय आखूड टाक," हे त्याने भाचीला दोनतीनदा सांगितलं आणि मग सांगायची गरज पडली नाही. पहिल्या टप्प्यावर देवीचं एक देऊळ आहे. ज्यांना माथ्यापर्यंत जाणं जमत नाही ते इथे नारळ फोडतात.

डोंगर जवळून बघितला तर त्याची घडण कळते. एकावर एक आडवे थर, प्रत्येक थराला एक कातळकडा आणि मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरांवर थर साचले, त्यांचा हा बेसाल्ट. सह्याद्री हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला नाही. पाण्याने आजूबाजूचं सगळं कोरून नेलं आणि जे कोरलं गेलं नाही त्याला आपण शिखर म्हणतो. हे भाचीला सांगितल्यावर ती बराच वेळ कड्यांकडे बघत चालली.

कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्यांच्या बाजूला जुनी वाट अजून दिसते, खडकात पावलापुरत्या खोबण्या. जुने भटके शिड्यांबद्दल कुरकुर करतात, डोंगराची मजा गेली म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी आमच्या पुढे एक म्हातारी आजी चढत होती. नऊवारीचा ओचा खोचलेला, पायात काही नाही, डोक्यावर टोपलीत नारळ, हळद-कुंकू आणि ओटीचं सामान. तिचा नातू मागून येत होता. शिडीच्या कठड्याला धरून ती एकेक पायरी चढली, वर जाऊन बसली आणि आम्हाला म्हणाली, "चला की, देवी वाट बघती." शिड्या तिच्यासाठी आहेत. हा डोंगर आधी तिचा आहे, मग आमच्यासारख्यांचा.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. इतक्या वर पाणी बघून भाची चकित झाली. तिथेच गावातल्या एका दादाची टपरी, लिंबू सरबत आणि चहा. दादा म्हणाले, शनिवार-रविवारी रात्री इथे पाय ठेवायला जागा नसते, पावसाळ्यात शिड्यांवर तासन् तास रांग लागते आणि सोमवारी ते पोत्यांनी प्लास्टिक खाली नेतात. नवस फेडायला येणारे लोक आपला नारळ फोडून खोबरं वाटून जातात, पाण्याच्या बाटल्या टाकून जाणारे शहरातून येतात. माझी कळकळीची विनंती आहे, वर जे न्याल ते सगळं खाली आणा, आणि स्पीकर तर नेऊच नका. रात्री बारा वाजता खाली बारीतल्या घरांत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं झोपलेली असतात.

माथ्यावर पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती आणि वारा असा, की उभं राहताना पाय फाकवावे लागत होते. माथा लहान, त्यावर देवीचं लहानसं देऊळ, आत तीन माणसं दाटीवाटीने बसतील एवढंच. आजीने ओटी भरली, आम्हाला खोबऱ्याचा तुकडा दिला. भाचीने देवीसमोर डोकं टेकलं आणि बाहेर येऊन ती काहीच बोलली नाही, नुसती गोल फिरून बघत राहिली. मलाही बोलवेना. याहून उंच असं महाराष्ट्रात काही नाही, ही गोष्ट तिथे उभं राहिल्यावर डोक्याने नाही, पोटात कळते.

मग मामाने एकेक डोंगर ओळखून दाखवला. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. पूर्वेला बितनगड आणि त्यापलीकडे औंढा, पट्टा. उत्तरेला त्र्यंबकची रांग, तीत अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगड, कात्राबाई, आजोबा आणि अगदी मागे निळसर पुसट हरिश्चंद्रगड. "तिथे जायचंय," मामा म्हणाला. भाचीने माझ्याकडे बघितलं. ते फार लांब दिसत होतं.

"आता सांग," मामाने विचारलं, "इथे पडलेलं पाणी कुठे जाईल?"

तिने नीट विचार केला. दक्षिणेकडचं खाली भंडारदऱ्यात जाताना दिसतच होतं, म्हणजे प्रवरेत. उत्तरेकडचं? मामाने सांगितलं, ते दारणेकडे. आणि प्रवरा काय, दारणा काय, दोन्ही गोदावरीला मिळतात. म्हणजे कळसूबाईच्या कुठल्याही अंगाला पडलेला थेंब बंगालच्या उपसागराकडे जातो. मुंबईकडे, अरबी समुद्राकडे एकही नाही. ऐकून तिचा चेहरा उतरला. सगळ्यात उंच शिखर म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटून देणार, असं तिने मनात धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपण सगळेच तसं धरून चालतो. पण कळसूबाई सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाहीच. धार पश्चिमेला आहे, जिथे घाटमाथा संपून कोकणाकडे कडे कोसळतात. ही रांग त्या धारेपासून पूर्वेला फुटलेली. उंचीचा मान हिचा, पाणी वाटायचं काम दुसऱ्याचं.

"मग ती धार बघायची, आजोबा," भाची मामाला म्हणाली. मामाचा सगळा बेत त्यासाठीच होता.

उतरताना गुडघ्यांचा कस लागला. बारीत जेवून जीपने भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात आलो. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं, दगडी बांधकामातलं. जलाशयाच्या काठाकाठाने, मुतखेलवरून, रतनवाडीला पोचायला अंधार पडला. वाटेत वन खात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती फाडली. १९८६ पासून हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

शनिवार

सकाळी आधी अमृतेश्वर. धुकं जलाशयावरून उठून देवळाच्या शिखरापर्यंत आलं होतं. दगडात कोरलेलं हे प्राचीन देऊळ दरवर्षी पावसात भिजून काळं पडतं आणि तरी त्याच्या कोरीव कामाची धार गेलेली नाही. शेजारची पुष्करणी, तिच्या भिंतींतले देवकोष्ठ, आणि गावातल्या बायका सकाळचं पाणी भरायला जाता-येता देवाला हात जोडणाऱ्या. इथे पर्यटन आहे, पण देऊळ अजून गावाचंच आहे. प्रवरेचा उगम रतनगडाच्या या कुशीतला. पुढे नगर जिल्ह्यातली (आताचं नाव अहिल्यानगर) उसाची शेतं हिच्यावर पिकतात, म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणतात.

रतनगडाची वाट आधी ओढ्याओढ्याने आणि मग दाट जंगलातून. कळसूबाईचा चढ उघडा होता, इथे सावली मिळाली. हिरडा, जांभूळ, आंबा, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. एका उंच झाडावर शेकरूचं घरटं दिसलं, काटक्यांचा मोठा गोळा. शेकरू मात्र दिसलं नाही. चढाच्या शेवटी दोन शिड्या आणि मग गणेश दरवाजा. गडावर गेलो, टाक्यांचं गार पाणी प्यायलो आणि नेढ्याकडे निघालो.

नेढं म्हणजे कातळाच्या भिंतीला आरपार पडलेलं भोक, सुईच्या नेढ्यासारखं. त्यात बसायला दहावीस माणसांना सहज जागा आहे. वारा इतका, की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. उत्तरेकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यामागे, काल ज्यावर उभे होतो ती कळसूबाई. खालून ती एवढी टोकदार वाटत नाही. इथून मात्र तिचा माथा बाकी सगळ्या रांगेवर चढून बसलेला दिसतो आणि काल आपण तिथे होतो यावर विश्वास बसत नाही. पश्चिमेकडे जमीन एकदम संपते. घाटघरच्या कड्यांखाली कोकण, शहापूर तालुका. महाराष्ट्रात सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत घाटघरचं नाव घेतात, कारण समुद्रावरून आलेले ढग आधी याच भिंतीवर आदळतात. भाची पोटावर झोपून पश्चिमेकडे बघत राहिली. "हे पाणी आपल्याकडे जातं," ती ओरडून म्हणाली, आणि ते मात्र वाऱ्यातही ऐकू आलं.

रात्री रतनवाडीत शेकोटीभोवती गावातल्या एका बाबांनी राघोजी भांगरे यांची आठवण काढली. याच तालुक्यातले, महादेव कोळी समाजातले. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले, या डोंगरांच्या आधाराने वर्षानुवर्षं लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. ठाण्याचा तो तुरुंग मी बाहेरून कितीदा बघितलाय, तिथून रोज हजारो लोक जातात. त्याच्या भिंतींशी या जंगलाचं असं नातं आहे हे मला बाबांच्या तोंडून ऐकेपर्यंत जाणवलं नव्हतं. ते राघोजींबद्दल असे बोलत होते, की जणू आदल्याच पिढीतला घरचा माणूस.

रविवार

सगळ्यात लांब चाल आजची. बरोबर गावातले एक दादा वाटाड्या म्हणून आले. या वाटेवर माहितगार माणूस हवाच, जंगलात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की चकवा लागायला वेळ लागत नाही. रतनगडाच्या वाटेवरच एक फाटा लागतो, गडाकडे न वळता कात्राबाईच्या खिंडीकडे चढायचं. रान इतकं दाट, की सूर्य डोक्यावर येईपर्यंत अंगातलं स्वेटर काढावंसं वाटलं नाही. दादा चालता चालता झाडं दाखवत होते. कारवी आता वाळलेली होती. तिला सात वर्षांनी एकदा फुलोरा येतो आणि मग ती मरते. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती या भागात अजून दिसतात. हिरड्याची फळं गोळा करून विकणं हा इथल्या लोकांचा महत्त्वाचा आधार आहे.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. दादांनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या. पलीकडे उतरू लागलं की डावी-उजवीकडे कडेच कडे आणि अग्निबाणाचा सुळका. मामा इथे थोडा थकला. त्याने तसं सांगितलं, सावलीत आडवा झाला, गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि अर्ध्या तासाने उठून पुन्हा त्याच चालीने चालायला लागला. त्याचं हे मला नेहमी शिकण्यासारखं वाटतं. थकलं की थांबायचं, त्यात लाज नाही.

कुमशेतला एका घरी जेवलो. वरईचा भात, उडदाचं वरण आणि घरच्या गाईचं ताक. त्या घरच्या वहिनींनी बियाणं राखेत घोळून मडक्यात भरून ठेवलं होतं. आपलं भाताचं वाण आपणच राखायचं, दुकानातून आणायचं नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव या वहिनींच्या बोलण्यात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा 'आमच्या राहीबाई' असंच आलं.

पुढे उतरून मुळा नदी. डिसेंबरात पाणी घोट्याच्या वर नव्हतं. बूट काढून पलीकडे गेलो. ही नदीही शेवटी प्रवरेला आणि तिच्यामार्फत गोदावरीला मिळते. पाचनईत पोचलो तेव्हा समोर हरिश्चंद्रगडाची भिंत संध्याकाळच्या उन्हात लाल झाली होती. भाची जेवता जेवता झोपली.

सोमवार

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडावर जायची सगळ्यात सोपी. कड्याच्या पोटातून, माथ्यावर झुकलेल्या कातळाखालून ती वर सरकते आणि मग मंगळगंगेच्या ओढ्याची सोबत मिळते. दुपारपर्यंत देवळापाशी होतो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ खोलगटात आहे, गडाच्या वाऱ्यापासून लपलेलं. चांगदेवांनी इथे तपश्चर्या केली असं मानतात. जवळच केदारेश्वराचं लेणं. मोठं शिवलिंग, त्याभोवती कमरेइतकं गार पाणी आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच. चार खांब म्हणजे चार युगं, तीन गेली आणि हे चौथं चाललंय, असं लोक सांगतात. पाण्यात पाय घालवेना इतकं ते थंड होतं, पण भाचीने प्रदक्षिणा पुरी केली आणि दात वाजवत बाहेर आली.

उन्हं कलायच्या आत कोकणकड्यावर पोचलो.

कोकणकड्याबद्दल इतक्यांनी इतकं सांगितलंय, की मला वाटलं होतं आपल्याला नवीन काही वाटणार नाही. तसं झालं नाही. कडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे, अर्धचंद्रासारखा, आणि वरचा भाग पुढे आलेला असल्याने काठावरून खाली बघितलं तर भिंतच दिसत नाही, एकदम तळाचं जंगल दिसतं. आम्ही पालथे पडून, डोकं तेवढं बाहेर काढून बघितलं. खाली बेलपाडा, त्याची घरं आणि शेतांचे तुकडे. खालून वर येणारा वारा तोंडावर आदळत होता. पाकोळ्या आमच्या खाली उडत होत्या, त्यांच्या पाठी दिसत होत्या. पावसाळ्याच्या अखेरीस कड्यात धुकं भरलं आणि सूर्य पाठीमागे असला की इथे गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. १८३५ साली कर्नल साइक्सला ते दिसल्याची नोंद आहे. आम्हाला डिसेंबरात ते दिसणार नव्हतं आणि त्याची उणीव भासली नाही. सूर्य कोकणावर उतरला, डोंगरांच्या एकामागे एक रेघा उमटल्या आणि मग त्याही विरल्या. मामा तोंड झाकून रडत होता. त्याच्या चाळीतल्या त्या चार पोरांपैकी आता कोणी राहिलेलं नाही. भाची त्याच्याजवळ सरकून बसली.

रात्री पाचनईच्याच एका कुटुंबाच्या पालात जेवलो आणि तिथेच झोपलो.

मंगळवार

पहाटे तारामतीवर. हे गडाचं सगळ्यात उंच शिखर, १४२९ मीटर, म्हणजे कळसूबाईहून २१७ मीटरांनी कमी. उत्तरेला आमचा सगळा प्रवास मांडलेला दिसत होता. रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, कात्राबाई, आणि पार मागे कळसूबाई. शुक्रवारी तिथून हा गड जेवढा पुसट दिसला होता तेवढीच आता ती पुसट.

भाचीने न विचारता सुरुवात केली. उत्तरेकडचं पाणी मंगळगंगेतून मुळेत, मुळेतून प्रवरेत, तिथून गोदावरीत. पश्चिमेकडचं कोकणकड्यावरून खाली काळू नदीकडे, काळू उल्हासला मिळते, म्हणजे अरबी समुद्र. दक्षिणेकडे बघून ती अडली. तिथे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी पहाटेच्या उजेडात चमकत होतं. मामाने सांगितलं, ते कुकडीच्या खोऱ्यातलं. कुकडी घोडला, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला.

ती एकदम उठून उभी राहिली. "हरिश्चंद्र-बालाघाट!" भूगोलाच्या पुस्तकात तिने पाठ केलेलं वाक्य होतं, हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांगेमुळे गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी होतात. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. ती रांग इथून, आम्ही बसलो होतो त्या दगडांपासून, पूर्वेकडे निघालेली डोळ्यांना दिसत होती. या एका गडावरचा पाऊस तीन वाटांनी जातो, गोदावरीत, कृष्णेत आणि थेट अरबी समुद्रात. नगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमाही इथेच भेटतात. उंचीच्या यादीत तारामती कळसूबाईच्या खाली आहे, पण पाण्याच्या हिशेबात मला तरी तिच्याएवढं मानाचं शिखर दुसरं दिसत नाही.

उतरलो टोलार खिंडीने. वरच्या बाजूला कातळाचा टप्पा आहे, त्याला आधाराला कठडे लावलेत. मामा तिथे तोंड कड्याकडे करून, बसत बसत उतरला. खिरेश्वरात नागेश्वराच्या देवळाचं कोरीव छत बघितलं आणि खुबी फाट्यावर एसटीची वाट बघत उसाचा रस प्यायलो.

गाडी माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणकडे निघाली. मामा खिडकीशी झोपला होता. कल्याणच्या अलीकडे रायत्याला पुलावरून जाताना भाचीने मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "मावशी, ही कुठली?"

"उल्हास."

"म्हणजे काळूचं पाणी हिच्यातच येणार." तिने मामाला हलवून उठवलं, "आजोबा, कोकणकड्याची नदी आली," आणि तो डोळे चोळत काचेपाशी वाकला, तोवर गाडी पुलाच्या दुसऱ्या टोकाला लागली होती.